आमच्या सरकारी कन्याशाळेचा इतिहास लिहायचाय, पण लिहायचं नेमकं काय?

बाभूळबन
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आमची शाळा येत्या वर्षी पन्नाशीची होतेय. बालाघाटाच्या डोंगरातला तालुका, सरकारी मुलींची माध्यमिक शाळा, आणि त्याच आवारात मुलींचं वसतिगृह. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांत सुरू झाली. माजी विद्यार्थिनींची स्मरणिका निघणार आहे आणि "तुझं मराठी बरं आहे" या एका गुन्ह्यासाठी 'शाळेचा इतिहास' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. आठ पानं.

समितीने एक फाईल दिली. उद्घाटन कोणाच्या हस्ते, मुख्याध्यापिकांची यादी, दहावीचे निकाल, कोणकोणते मान्यवर येऊन गेले त्यांचे शेरे ("शाळेची प्रगती पाहून समाधान वाटले", हे सतरा जणांनी लिहिलंय, अक्षर वेगळं, वाक्य तेच). सगळं मिळून दीड पान झालं.

मग मागच्या आठवड्यात शाळेत गेले आणि क्लार्कदादांना म्हटलं जनरल रजिस्टर दाखवा. "त्यात काय बघायचंय मॅडम" म्हणत त्यांनी कपाटाच्या वरून काढून दिलं, धुळीसकट. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, आतली शाई जांभळी. नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, आणि पार उजवीकडे 'शाळा सोडल्याचे कारण'. मी तीन तास फक्त तो उजवा रकाना वाचत बसले. विवाह. विवाह. घरकाम. पालकाचे स्थलांतर. वडिलांनी नेले. विवाह. सतत गैरहजर. सतत गैरहजर. एकेका पानावर 'दहावी उत्तीर्ण' शोधावं लागत होतं. आणि नावं कमी झाल्याच्या तारखा बघा, निम्म्या दिवाळीनंतरच्या. म्हणजे सुट्टीला घरी गेली ती गेलीच, कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला.

प्रश्न असा की हे इतिहासात घालायचं का? समितीच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं "शुभप्रसंगी असं रडगाणं नको". आणि दुसरं, अशा मुलींच्या निवासी शाळा आपल्याकडे आल्या कुठून, मागचा धागा काय, हे कोणी सांगेल का? सुरुवातीला एखादा परिच्छेद त्याचा हवाय.

घाटपायथा
वाचतेय. लिहाच. सतरा शेरे पण छापा, खाली सतरा सह्या.

मोडीवाचक
मागच्या धाग्याबद्दल जमेल तेवढं लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की सरकारने मुलींच्या शाळा काढल्या. आपल्याकडे सरकार फार उशिरा आलं. १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती स्वतःच्या हिमतीवर, मित्रांच्या मदतीवर. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाने, 'तुम्ही शाळा काढा, आम्ही अनुदान देऊ' अशी पद्धत बसवली आणि पुढची कित्येक दशकं मुलींच्या बाबतीत सरकार त्या अनुदानाच्या खुर्चीतून फारसं उठलंच नाही. सरकारने थेट चालवलेल्या मुलींच्या शाळेचं जुनं उदाहरण द्यायचं तर कलकत्त्याचं बेथून स्कूल, १८४९ चं, पण तेही एका माणसाच्या ध्यासातून निघालं आणि तो वारल्यावर काही वर्षांनी, १८५६ ला सरकारने ताब्यात घेतलं. गंमत म्हणजे कलकत्त्यात मुलींची खरी बोर्डिंग शाळा वेगळीच होती, बंग महिला विद्यालय, ती १८७८ मध्ये बेथूनमध्ये विलीन झाली आणि त्याच वर्षी कादंबिनी बसू कॉलेजप्रवेशाची एन्ट्रन्स परीक्षा पास झाल्या.

पुण्यात १८८४ ला हुजूरपागा. वामन आबाजी मोडक, रानडे, भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुलींचं हायस्कूल सुरू केलं. जागा पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा, म्हणून नाव हुजूरपागा.

आता बोर्डिंग का? दिवसाची शाळा ही फक्त गावातल्या मुलीची शाळा असते. साताऱ्याची, धुळ्याची मुलगी पुण्यात शिकायची तर तिला रात्री झोपायला जागा हवी आणि रात्रीची जबाबदारी घेणारं कोणीतरी हवं. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे अर्धा तरी वसतिगृहांचा इतिहास आहे आणि तो कोणी लिहीत नाही, कारण रेक्टरबाईंचे पुतळे होत नाहीत.

पागेतली
मोडीवाचक, आमच्या शाळेचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं! इरावती कर्वे आमच्या बोर्डिंगच्या. ब्रह्मदेशात जन्म, वडील तिकडेच नोकरीला, आणि सात वर्षांची पोर पुण्याला हुजूरपागेत पाठवलेली. तिथे शकुंतला परांजपे वर्गात भेटल्या आणि मग इरावतीबाई शकुंतलाबाईंच्या वडिलांच्या, रँग्लर परांजप्यांच्या घरीच राहायला गेल्या. म्हणजे बघा, सात वर्षांच्या मुलीला ब्रह्मदेशातून पुण्याला पाठवणारा बाप १९१२ च्या आसपास होता आणि माझ्या आजोबांनी १९६१ ला माझ्या मावशीला सदाशिव पेठेतून कोथरूडला पाठवायला नकार दिला होता.

चहाटळ
पागेतल्या पोरी म्हणून लगाम कोणाला जुमानत नाहीत होय (हलके घ्या)

पागेतली
चहाटळ, हा विनोद मी पाचवीपासून ऐकतेय. नवीन आणा.

अण्णा_पेठकर
हुजूरपागेचा विषय निघाला की टिळकांना झोडपायला लोक येणारच म्हणून आधीच लिहितो. टिळकांनी 'मराठा'तून आणि पुढे 'केसरी'तून त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली हे खरं. मुलींना इंग्रजी हायस्कूलचं मुलांसारखं शिक्षण, तेही पूर्ण दिवस शाळेत बसवून, हे त्यांना मान्य नव्हतं. पण त्या काळाच्या चौकटीत बघा.

मोडीवाचक
अण्णा, त्याच काळाच्या चौकटीत रानडे, आगरकर, पंडिता रमाबाई पण होत्या की. चौकट एकच होती, माणसं वेगळी होती.

अण्णा_पेठकर
तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चहाटळ
अण्णा, ही गोष्ट तुम्ही २०११ पासून दर धाग्यावर सांगताय आणि दर वेळी घालताय.

संपादक
टिळक-आगरकर वादासाठी आधीचे चार धागे आहेत. इथे मूळ विषयावर या.

सेनकाठची
थोडं अवांतर, पण 'सरकारी, मुलींची आणि निवासी' या तिन्ही अटी पुऱ्या करणारी शाळा माझ्या घरापासून मेट्रोने वीस मिनिटांवर आहे म्हणून राहवत नाही. पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी मध्ये. नेपोलियनने ऑस्टरलिट्झची लढाई जिंकल्यावर डिसेंबर १८०५ मध्ये हुकूम काढला की लेजिओं द'ऑनर हा किताब मिळालेल्यांच्या मुलींसाठी सरकार शाळा काढेल. अजून चालू आहे, सरकारीच आहे, अजून फक्त मुलींची आहे. किताबधारकांच्या मुली, नाती, पणती यांना प्रवेश. गणवेशावर इयत्तेप्रमाणे रंगीत पट्टा.

हा पट्टा पण त्यांचा स्वतःचा नाही. त्याआधी चौदाव्या लुईच्या राज्यात १६८६ ला मादाम द मँतनोंने सँ-सीरला गरीब सरदारांच्या अडीचशे मुलींसाठी निवासी शाळा काढली होती, तिथे लाल, हिरवा, पिवळा, निळा अशा फितींनी वयोगट ओळखायचे. क्रांतीत १७९३ ला ती बंद झाली. रशियात कॅथरीनने १७६४ ला स्मोल्नी काढली ती हाच कित्ता गिरवून.

आणि अण्णांसाठी खास: नेपोलियनने १८०७ ला स्वतः टिपण लिहून पाठवलं होतं की या मुली श्रद्धाळू व्हायला हव्यात, वाद घालणाऱ्या नकोत. म्हणजे मुलींची शाळा काढायची आणि त्यांनी शिकून काय होऊ नये हेही आधीच ठरवून ठेवायचं, ही बिमारी काही फक्त पुण्याची नाही.

घाटपायथा
वाद घालणाऱ्या नकोत म्हणे. मग हा धागा त्याने बघायला हवा होता.

गृहपाल_निवृत्त
मी टायपिंगला कच्ची आहे, नातू बाजूला बसवून लिहितेय, चुका झाल्या तर त्याच्या.

बाभूळबन, तुझ्या शाळेत नाही पण तुझ्या शेजारच्या जिल्ह्यात मी सत्तावीस वर्षं मुलींच्या सरकारी वसतिगृहावर गृहपाल होते. तू ते रजिस्टर वाचलंस पण ते वाचायचं कसं ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी सांगते.

तुझ्या रजिस्टरात 'विवाह' हा शब्द कोणत्या सालापर्यंत दिसतो ते बघ. आमच्याकडं तो अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीनंतर पातळ होत गेला आणि पुढं दिसेनाच. लेकरांची लग्नं थांबली म्हणून नाही बरं. १९७८ ला कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय अठरा केलं, त्याच्या आधी पंधरा होतं. मग आठवी-नववीतल्या पोरीपुढं 'विवाह' लिहायचा म्हणजे मुख्याध्यापकानं स्वतःच्या हातानं गुन्हा नोंदवल्यासारखं. उद्या कोणी विचारलं की तुम्हाला माहीत होतं तर कळवलं का नाही, तर काय सांगणार. तेव्हापासून 'सतत गैरहजर' सुरू झालं. मीही लिहिलंय, खोटं कशाला बोलू. लग्नाची पत्रिका टेबलावर असायची, त्यावर चहाचा कप ठेवून रजिस्टरात 'सतत गैरहजर' लिहायचं.

दुसरं म्हणजे जनरल रजिस्टर हे शाळेचं. वसतिगृहाचं खरं पुस्तक कोठीचं रजिस्टर. कोठी म्हणजे धान्याची खोली. रोज किती मुली जेवल्या, किती ज्वारी काढली, किती डाळ, किती तेल, शिल्लक किती. त्यावर सगळा इतिहास आहे. परिपोषण अनुदान दरमहा दर मुलीमागं ठरलेलं असायचं पण यायचं कधी तर पावसासारखं, आलं तर आलं. जून ते सप्टेंबर दुकानदाराच्या उधारीवर पन्नास-साठ पोरी जेवायच्या. अनुदान आलं की दुकानदार माझ्याआधी बँकेत हजर. डाळ पातळ व्हायची ती स्वयंपाकीणबाईच्या हातामुळं नाही, तारखेमुळं. महिन्याच्या शेवटी आमटीत तोंड दिसायचं. मुली म्हणायच्या, आज आरशाची आमटी आहे.

तुझ्या शाळेचं कोठीचं रजिस्टर शोध. रद्दीत गेलं नसेल तर मिळेल.

बाभूळबन
काकू, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री साडेअकराला फोनमधले फोटो परत काढून बघितले. एक्काहत्तर फोटो होते. तुम्ही म्हणताय तसंच आहे. ७६, ७७ च्या पानांवर विवाह, विवाह. ८० नंतर एकदोनच. ८३ पासून एकही नाही आणि 'सतत गैरहजर'ची रांग. मी मूर्खासारखी टिपण काढून ठेवलं होतं की "ऐंशीनंतर बालविवाहाचे प्रमाण घटलेले दिसते". तेच छापून गेलं असतं!

मोडीवाचक
गृहपालकाकूंना साष्टांग. पंधरा वर्षं दप्तरं वाचतोय पण हे कोणत्याही पुस्तकात मिळालं नसतं. कायदा बदलला की आधी माणूस बदलत नाही, रकाना बदलतो.

कोंडलेली
सगळे भारावलेत तर मी जरा विरजण घालते.

मी पण अशाच एका वसतिगृहात चार वर्षं काढली, कुठल्या ते सांगत नाही. संध्याकाळी सहाला फाटकाला कुलूप. पत्रं फोडून वाचायचे. मैत्रिणीच्या भावाने राखीला आलेल्या बहिणीसोबत माझ्यासाठी पण चॉकलेट पाठवलं तर बाईंनी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं हा कोण तुझा. पाळीचे कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून आम्ही ते ट्रंकेच्या मागे ओलेच ठेवायचो, त्याने काय काय व्हायचं ते लिहीत नाही. आजारी पडलं की 'घरी कळवते' ही धमकी, कारण घरी कळलं की घरचे न्यायला येणार आणि परत पाठवणार नाहीत, त्यामुळे अंगात ताप घेऊन पोरी वर्गात बसायच्या. हे 'मुलींना शिक्षणाची दारं उघडली' वगैरे वाचलं की मला ते कुलूपच आठवतं. इतिहास लिहिताय तर हे पण येऊ द्या.

गृहपाल_निवृत्त
कोंडलेली बाळ, पत्रं मीही फोडलीत. तेव्हा वाटायचं बरोबर करतोय. एका पोरीच्या नावानं काही आलं आणि गावात कळलं तर तिचा बाप एकटी तिला न्यायचा नाही, त्या गावच्या पाच पोरी एका दिवसात जायच्या, हे मी बघितलंय. म्हणून कुलूप. पण चॉकलेटवरून सगळ्यांसमोर उभं करणं हे चूकच, त्याला काही सबब नाही.

कोंडलेली
मान्य करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बरं वाटलं.

हिंगण्याचा_नातू
हे "एका दिवसात पाच पोरी गेल्या" वाचून शारदा सदन आठवलं. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईला काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. विधवा मुलींसाठी राहणं-जेवणं-शिकणं सगळं एका छपराखाली. पहिल्या विद्यार्थिनींतल्या एक गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. आणि त्याच १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून गदारोळ झाला, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले आणि पालक येऊन मुली काढून घेऊन गेले. म्हणजे 'वडिलांनी नेले' हा शेरा बाभूळबनच्या रजिस्टरापेक्षा ऐंशीएक वर्षं जुना आहे.

कर्व्यांनी १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा बहुतेक हेच डोक्यात असणार. १९०० ला प्लेगच्या दिवसांत तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, ही गोष्ट आमच्या घरी दर पावसाळ्यात ऐकवली जायची, विशेषतः कोणी रिक्षाला पैसे मागितले की. पण चालवणारी माणसं सांगायची तर पार्वतीबाई आठवले, गोदूबाईंची बहीण, त्याही विधवा. आश्रमाची व्यवस्था बघायच्या आणि गावोगाव वर्गणी मागत फिरायच्या. त्यांच्याशिवाय ती झोपडी झोपडीच राहिली असती.

पुढे घोडनदीच्या खऱ्यांनी आपल्या मुली विधवा नसताना हिंगण्याच्या वसतिगृहात शिकायला ठेवल्या, त्यातली एक मालतीबाई बेडेकर. म्हणजे विधवांच्या आसऱ्यापासून साध्या मुलींच्या शाळेपर्यंतचा प्रवास तिथेच झाला.

लष्करीबाग
पुणे पुणे पुणे. नागपूर पण नकाशावर आहे हो. जाईबाई चौधरी बघा. पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिली, शिक्षिकेची नोकरी मिळाली ती दलित म्हणून टिकू दिली नाही, आणि त्याच बाईंनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढून चालवली. साताऱ्याला कर्मवीर भाऊरावांनी १९२४ ला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं, ते मुलांचं होतं पण पोरांच्या पोटासाठी दागिने मोडले ते लक्ष्मीबाईंनी. या धाग्यावर रानडे तीनदा आले, लक्ष्मीबाई आता पहिल्यांदा.

मोडीवाचक
लष्करीबाग, बरोबर. मान खाली.

आणि बाभूळबनच्या भागाबद्दल एक राहिलंच. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. शाळा मोजक्या आणि माध्यम उर्दू. त्यामुळे पुण्याची जी वंशावळ आम्ही इथे मांडतोय ती तुमच्या शाळेला तशी लागूच होत नाही. तुमच्याकडे १९६० नंतरच्या महाराष्ट्र सरकारने जे केलं तिथून मोजा.

शेवटची_बस
मी सध्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात शिकवते म्हणून आजचं लिहिते. २००४ ला केंद्राने ही योजना आणली, शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांत सहावी ते आठवीच्या मुलींसाठी निवासी शाळा. पाऊणशे टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक मुलींना, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या. चांगलं होतं पण आठवी झाली की पुढे काय? चौदा वर्षांची मुलगी, तीन वर्षं बाहेर राहिलेली, घरी परत. घरच्यांना वाटतं शिक्षण झालं. आम्ही त्याला 'आठवीचा कडेलोट' म्हणायचो. २०१८ ला समग्र शिक्षा योजनेमध्ये बारावीपर्यंत वाढवायची सोय झाली, सगळीकडे अजून झालेली नाही.

समाजकल्याणच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींच्या शासकीय निवासी शाळा वेगळ्या, आदिवासी विकासच्या आश्रमशाळा वेगळ्या, ऊसतोडीच्या मुलांची हंगामी वसतिगृहं वेगळी. तीन खाती, तीन रंगांचे गणवेश, आणि मुलगी मात्र तीच, एकाच तांड्यावरची. कुठल्या खात्यात जाते ते जातीच्या दाखल्यावर.

शिवाय वसतिगृह हा एकच उपाय नव्हे. मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी मुली घरी राहून शाळेत यायला लागल्या. पण पास असून उपयोग काय, बस हवी. साडेपाचची शेवटची बस रद्द झाली की दुसऱ्या दिवशी हजेरी बघा.

चहाटळ
आयडीचं रहस्य उलगडलं!

घाटपायथा
मूळ प्रश्नाकडे. अध्यक्षबाईंना काय सांगायचं ते ठरलं का? माझं मत, शुभप्रसंगी रडगाणं नको तर नको, रडू नका, नुसतं ते रजिस्टरचं पान छापा. खाली एक ओळ पण लिहू नका.

कायदेकानू
थांबा थांबा. पान जसंच्या तसं छापायचं नाही. त्यात नाव, जात, जन्मतारीख, गाव सगळं असतं. त्या बायका आज पन्नाशी-साठीच्या आहेत, जिवंत आहेत, सुना-नातवंडं आहेत. कोणाला आपलं 'सतत गैरहजर' गावात वाटलं जायला नको असेल. उजवा रकानाच फक्त छापा, बाकी झाका. आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, तोंडी नाही.

कोंडलेली
+१. आणि ज्यांना नाव हवंय त्यांना स्वतः विचारून घाला. काही जणी हौसेने देतील.

बाभूळबन
सगळ्यांचे आभार, अपडेट देते.

काल मीटिंग झाली. मी फक्त उजव्या रकान्याचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, ७७ चा आणि ८४ चा, आणि गृहपालकाकूंनी सांगितलं ते सांगितलं. अध्यक्षबाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या माझ्या धाकट्या बहिणीपुढे पण सतत गैरहजरच लिहिलेलं असणार. दोन पानं मंजूर झाली. पालकमंत्र्यांचा फोटो पानभर राहणारच आहे, त्यावर तडजोड नाही असं कळलं.

कोठीचं रजिस्टर एकच सापडलं, ८९-९० चं, उंदरांनी डावा कोपरा खाल्लाय. पण शेवटच्या पानावर कोणीतरी मुलीने पेन्सिलने भाकरीचे हिशेब मांडलेत, कोणी कोणाला किती देणं लागतं. "सुमन कडून २ येणे. दिले १ चतकोर." हे मी आतल्या कव्हरवर घेणार आहे, कोणाला विचारणार नाही.

शेवटची_बस
चतकोर!! मेले मी.

तिफण
गप्प वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. तालुका आणि साल बघता माझी आई तुमच्याच वसतिगृहात होती असं वाटतंय. ८१ ला आठवीत होती. शिक्षणाबद्दल ती कधी बोलत नाही. जुना दाखला आहे, त्यावर रजिस्टर नंबर आहे. व्यनि (खासगी निरोप) करू का?

बाभूळबन
करा ना. फोटो सगळे फोनमध्येच आहेत.

बाभूळबन
तिफण, सापडलं. इथे लिहू की व्यनित? वाईट काही नाही.

तिफण
नाव सोडून लिहा इथेच. आई शेजारी बसलीय, वाचून दाखवतो.

बाभूळबन
कारणाच्या रकान्यात 'वडिलांनी नेले', नोव्हेंबर ८१. आणि त्याच्याखाली वेगळ्या, निळ्या शाईत, डिसेंबरची तारीख टाकून 'परत आली' असं लिहिलंय. एक्काहत्तर फोटोंमध्ये 'परत आली' हा शेरा असलेली ही एकच नोंद आहे, मी तर त्याचा मथळा करायचं ठरवत होते!

तिफण
वाचून दाखवलं. हसतेय. म्हणते, "परत नव्हते गं बाई आले. ट्रंक राहिली होती, ती न्यायला आले होते. बाईंनी जेवूनच पाठवलं."